ताई आधी गोळी खाऊन दाखवायची

“हायपोथायरॉइडिझम,” जव्हारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी हार्मोन कमी बनवते. माणूस सुजतो, गारठतो, बसल्या जागी पेंगतो. माझ्या ताईने एवढेच विचारले, “हे कागदावर लिहून द्याल?”

मोखाड्याच्या आश्रमशाळेत ती शिकवायची. ‘कामचुकार, वर्गात झोपतात’ असा अहवाल मुख्याध्यापकांनी वर पाठवायला तयार ठेवला होता. नोकरीवर बेतले होते. डॉक्टरांचा कागद पाहून ते म्हणाले, “बाई, हल्ली आळसालाही इंग्रजी नाव मिळतं.” आणि तिला पौष्टिक पावडरचा डबा विकला. हा त्यांचा जोडधंदा. आजार खोटा म्हणायचा आणि त्यावर डबाही खपवायचा, याला मी निर्लज्जपणा म्हणतो.

रोज सकाळी थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच कमी पडणाऱ्या हार्मोनची गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी टीएसएच तपासले. थायरॉइडला कामाला लावणारे हे हार्मोन ग्रंथी मंदावली की वाढते. ते उतरले नव्हते. डोस वाढवला, तरी तेच.

मी तिला नाशिकच्या बड्या तज्ज्ञाकडे नेले. तीन तास बाकड्यावर, चार मिनिटे आत. मान वर न करता त्यांनी टी-थ्री हे दुसरे हार्मोन जोडले. दोन औषधे म्हणजे जास्त गुण, असे मीही मानले. तेवढा मीही मूर्ख. आठवड्यात ताईची छाती धडधडू लागली, फळ्यावर हात कापू लागला.

पुन्हा जव्हार. डॉक्टरीणबाईंनी टी-थ्री बंद केले आणि विचारले, “पहिली गोळी घेता कशी?”

“प्रार्थनेआधी, डब्यातल्या पावडरच्या दुधाबरोबर. मग लगेच शाळेत वाटतात त्या रांगेत लोहाची.”

“ती तर मुलांची ना?”

“पोरं म्हणतात, बाय, आदी तू खा. मी गिळल्याशिवाय एकही जण तोंड उघडत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. लोह थायरॉक्सिनला पोटातच अडवते. डब्यातले कॅल्शियमही तेच करते.

लोहाची रांग दुपारच्या जेवणानंतर गेली, डबा उकिरड्यावर. दोन महिन्यांत टीएसएच जागेवर आले.

तुमच्याकडे हा आजार असेल तर गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. लोह, कॅल्शियम चार तासांनी. पहिली गोळी कशी घेता हे न विचारता दुसरी लिहिणाऱ्याला तिथेच प्रश्न करा. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत, कारण त्यांनी तो प्रश्न विचारला.

मुख्याध्यापकांनी अहवाल मागे घेतला. शेरा लिहिला, ‘समज दिल्याने वर्तनात सुधारणा.’ ताईने वाचून सही केली आणि ती वर्गावर गेली.