ट्रॉलीचा अॅक्सल

बाबांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी होडी ओढायला बंदी केली, तेव्हा मी घरात जाहीर केलं: एक तर होडीसाठी चाकांची ट्रॉली करायची, नाहीतर होडी विकायची. घरात जाहीर केलं म्हणजे बाबांनाच. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

आमच्या तारकर्लीत छोटी होडी किनाऱ्याला लागली की मालक हाक मारतो, जवळपासची माणसं धावतात, आणि जो हात लावील त्याला मूठभर मासे मिळतात. पण हल्ली तरणी माणसं पर्यटकांच्या बोटींवर. बाबा गुडघाभर पाण्यात होडी धरून वाट बघत राहायचे. मला ते बघवत नसे.

कट्टा गावच्या भंगारवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. मी आधी वेल्डरकडून सगळं विचारून घेतलं होतं. एका जनरेटरच्या ट्रॉलीचा सरळ, हलका अॅक्सल, दोन चाकांमधला दांडा, मला आवडला. दोरी ताणून बघितलं, कुठे वाकलेला नव्हता. चाक फिरवून कान लावला, बेअरिंग खरखरत नव्हतं. दोघांनी सहज ओढावी अशी ट्रॉली झाली असती. शेजारी जुन्या जीपचा मागचा अॅक्सल पडला होता, मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा. बाबा त्याच्यावरून हात फिरवत होते. मी म्हटलं, तो नको, गोळा वाळूत रुतेल. बाबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर अंगणात जीपचा अॅक्सल! ऐकावे जनाचे, करावे मनाचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, ह्यो कित्याक आणलास?"

"घट आसा," मजबूत आहे एवढंच म्हणाले, आणि गंजावर डिझेल चोळायला बसले.

रागाने मी दोन दिवस बोलले नाही. तेवढ्यात वेल्डरने ट्रॉली जोडूनही दिली. पहिल्या सकाळी आम्ही दोघांनी होडी तिच्यावर चढवली आणि जे व्हायचं तेच झालं. गोळा वाळूत रुतला, ट्रॉली हातभरही पुढे सरकेना. बाबांनी हाक मारली. खानावळीतली बाई आली, जाळं शिवणारे दोघे म्हातारे आले, शेजारचा काकाही आला. होडी वर गेली. कोणाच्या गुडघ्याचं कसं आहे, कोणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं बोलून झालं, बांगडे वाटून झाले, तरी माणसं हलेनात. बाबा हसत होते. माझं डोकं मात्र तापलेलंच.

घरी येताच मी म्हटलं, "चल कट्ट्याक. ह्यो अॅक्सल बदलून आणू."

बाबा पायरीवर बसले. बराच वेळ पायाची वाळू झटकत राहिले.

"दोघांका ओढूक जमली तर मगे हाक कोणाक मारू गो? तुझी आवस गेली. तू दिवसभर हापिसात. सकाळची चार माणसां येतत, दोन शब्द बोलतत. ता पण बंद करू?"

बाबांना चुकीचा अॅक्सल निवडला म्हणून मी दोन दिवस मनातल्या मनात वेड्यात काढत होते, आणि त्यांनी मात्र नीट विचार करून, जाणूनबुजून जड तोच निवडला होता. मला स्वतःची लाज वाटली. आई गेल्यावर तीन वर्षं एका घरात राहून मी त्यांना कंबरेचं विचारत आले होते, दिवस कसा जातो ते कधी विचारलं नव्हतं.

अॅक्सल बदलला नाही. खारं पाणी बेअरिंग खातं, म्हणून रोज गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस भरायचं काम मी घेतलं. बाबांकडून एकच शब्द घेतला: हाक तू मार, पण ओढायला हात लावायचा नाही.

पुढल्या सकाळी त्यांनी पाण्यातून एकेकाला नाव घेऊन हाक मारली. मी तर त्यांच्या समोरच उभी होते, हातात दोरी घेऊन. तरी त्यांनी तितक्याच मोठ्याने मलाही हाक मारली.