कपाटाच्या पायाखालची वायर

वायर मी चेपली आणि बोल आईला लावला. नंतर खरं काय ते कळलं, तरी गप्प बसलो. हे दुसरं जास्त वाईट, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीत झालं आणि ती बारामतीला लागूनच असलेल्या जळोचीला आमच्याकडं राहायला आली. तिचं सगळं आयुष्य इंदापूरच्या पुढं, आमच्या डाळिंबाच्या रानात गेलेलं. इथं तिला करमण्यासारखं एकच होतं: परदेशात असलेली माझी बहीण आणि तिची नुकतीच रांगायला लागलेली मुलगी. मोबाइलवर आईला नात धड दिसायची नाही, म्हणून मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावायचो. त्या खोलीत वायफाय नीट पोचत नाही, बोलता बोलता चित्र थिजायचं. तेव्हा हॉलमधल्या राउटरपासून भिंतीच्या कडेकडेनं मी एक लांब वायर ओढून आणली. चित्र स्वच्छ दिसायला लागलं. आई खुर्ची पडद्याला भिडवून बसायची आणि नातीच्या गालावरून बोट फिरवायची. काचेवर डाग पडायचे, ते तीच पदरानं पुसायची.

एका सोमवारी सकाळी नेट लागेना. मी ऑफिसच्या घाईत. टेबलाखाली वाकून बघतो तर वायरीचा जास्तीचा भाग आईनं वेटोळं करून सुतळीनं बांधून ठेवलेला. ठिबकच्या नळ्या ती रानात अशाच गुंडाळून ठेवते.

"आई, ह्याला हात कशाला लावलास?"

"पायात येत हुती रं. झाडताना केरसुणीत अडकली."

"मग ओढली असणार तू. आतनं तुटली. बस आता."

तिनं त्या वेटोळ्याकडं बघितलं. "व्हय, ओढली खरी जरा. माझ्याच हातनं झालं मग. आता बाळ दिसायचं न्हाय?"

मी बाहेर येऊन गाडीला किक मारली.

संध्याकाळी जरा शांतपणे बघायला बसलो. मोबाइलवर वायफाय चालू होतं, म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक होती. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. वायरीची दोन्ही टोकं काढली आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवली. राउटरच्या दुसऱ्या खाचेत घालून बघितली. कॉम्प्युटरच्या मागं, वायर बसते तिथला हिरवा दिवा काही लागेना. शेवटी कॉम्प्युटरच उचलून हॉलमध्ये आणला आणि राउटरबरोबर आलेल्या तोकड्या वायरीनं जोडला. दिवा लगेच लागला. दोष त्या लांब वायरीतच होता.

आई दारात उभी राहून बघत होती. "वायरच गेली न्हवं?"

"हो."

तिनं मान हलवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी येताना बारामतीतून नवी वायर आणली. जुनी काढायला ओढली तर येईना. लोखंडी कपाटाच्या मागच्या पायाखाली ती अडकली होती. बायकोनं एका बाजूनं हात लावला, आम्ही कपाट सरकवलं. वायर तिथं पार चपटी झालेली, आवरण फाटून आतल्या तारा उघड्या पडलेल्या. आईनं बांधलेला भाग मात्र अगदी धड होता. ते कपाट रविवारी मीच तिथं ढकललं होतं, आईची कॉट बसावी म्हणून.

बायको म्हणाली, "सांगा आता आईंना."

"नेट चालू झालं की विसरेल ती."

"का, कपाटाला पाठवताय माफी मागायला?"

मी हसण्यावारी नेलं. पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाला आईपुढं चुकलं म्हणायला एवढं जड का जावं, हे मला आजही सांगता येत नाही. लहानपणी तर मार चुकवायला न केलेल्या चुकाही कबूल करायचो.

आई विसरली नाही. कॉल पुन्हा सुरू झाले, पण ती आता खुर्चीवर बसेना. लांब कॉटवर, हात मांडीवर घेऊन बसायची. टेबलाखालचं झाडणं तिनं सोडून दिलं. दूध घालायला येणाऱ्या बाईलाही तिनं सांगितलं, "ल्योकाचं नेट मी मोडलं." आणि एक दिवस जेवताना मला म्हणाली, "डोळा बरा हाय आता. शनिवारी गावाकडं सोड मला. हितं उगं आणि कायतरी बिघडवून ठिवीन."

नको जाऊस म्हणायचं होतं. तरी 'बरं' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल लागला. पलीकडून बहीण म्हणाली, "आई, एवढी लांब का बसतेस? पुढं ये की. ही शोधतीय तुला."

"दिसतीया मला हितनं. मागं माझ्या हातनं वायर तुटली बाई. तुझ्या भावाला किती खटाटोप पडला. आता शनिवारी चाललेच मी."

मी दारातच उभा होतो. आत गेलो, कॉटजवळ खाली बसलो आणि बहिणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"आई, वायर तू नाही तोडलीस. तुझी कॉट लावताना कपाटाखाली मीच चेपली. नवी वायर टाकली तेव्हाच मला कळलं होतं. तुला सांगितलं नाही."

आईनं कपाळाला हात लावला. "आन मी त्या दूधवाल्या बाईला सुदीक सांगून बसले की रं."

"तिलाही सांगतो."

"सांगच."

पडद्यावर भाची कॅमेऱ्याकडं झेपावत होती. मी आईच्या पायाला हात लावला.

"चुकलं माझं, आई. तुझ्यावर ओरडलो तेही चुकलं आणि नंतर गप्प बसलो ते त्याहून जास्त. शनिवारी जाऊ नकोस."