वेदांतच्या नावाचा फिशपाँड

भाजीवाल्याने दोन मिरच्या कमी घातल्या तरी मी ते घरी येऊन नवऱ्याला सांगते. साग्रसंगीत, भाजीवाल्याच्या आवाजासकट. पण ही गोष्ट त्यालाही ठाऊक नाही. बहिणीला नाही, आईला नाही, ऑफिसात डबा खाताना तर नाहीच नाही. पाच वर्षं झाली. तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही, म्हणून असेल.

मुलुंड पूर्वेला आमच्या जुन्या तीन बिल्डिंगा आहेत. त्या सोसायटीत मी विनोदी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. कुणाचं डोहाळजेवण असो, कुणाची रिटायरमेंट असो, ‘रेखाताई, दोन ओळी लिहून द्या ना’ — आणि रेखाताई देतात. यमक जुळलं की स्वतःच आधी हसतात. दिवसभर विमा कंपनीत लोकांचे क्लेम नाकारणारी पत्रं लिहायची आणि संध्याकाळी यमकं जुळवायची, असं माझं साहित्य.

आणि मी मुक्ताची आई. मुक्ताला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं तल्लख, जीभ तिखट (ती माझ्याकडून), पण पाय ऐकत नाहीत. पायांना स्प्लिंट, पुढे वॉकर, डावा पाय जरा ओढत. बोलते सावकाश, एकेक शब्द ठेवत ठेवत. घाई असलेल्या माणसाने तिच्याशी गप्पा मारू नयेत.

तेव्हा ती बारा वर्षांची होती. मे महिन्याची सुट्टी. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि खाली पोरं पकडापकडी खेळत होती. नेहमीसारखीच — फक्त ज्याच्यावर राज्य, तो विचित्र चालत होता. पाय ओढत, मानेला झटका देत. मला कळायला वेळ लागला. मग कुणीतरी ओरडलं, “ए, मुक्ता-मुक्ता खेळताना पळायचं नाय हां! फाऊल!”

खेळाचं नाव होतं ते. मुक्ता-मुक्ता. ज्याच्यावर राज्य येईल त्याने मुक्तासारखं चालून बाकीच्यांना पकडायचं. शोध दुसऱ्या मजल्यावरच्या वेदांतचा. वय दहा, शीतलचा एकुलता एक. त्याची नक्कल सगळ्यांत हुबेहूब होती, तोंडसुद्धा किंचित उघडं ठेवायचा.

आणि बाकावर मुक्ता बसली होती. हसत होती. टाळ्या वाजवत होती. — का? हसलं की आपणही खेळात आहोत, असं वाटत असेल का तिला? मी हातातला टॉवेल पिळत राहिले. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

पुढचं मी जे केलं, त्याचं आजही कौतुक होतं. भांडायला गेले नाही. सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग लावली. मुक्ताच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना बोलावलं. रोज पाच ते सात एकेका पालकाने खाली बाकावर बसायचं, अशी पाळी लावली. मुक्ताला दरवेळी ‘कच्चा लिंबू’ करून बाजूला ठेवायचे, ते बंद केलं. प्रत्येक खेळात तिला खरं काम द्यायचं ठरलं. गच्चीवर कुंड्या ठेवण्यावरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोन काका पाळीसाठी एका बाकावर बसू लागले. शेजारच्या दोन सोसायट्यांनी आमचं बघून तेच सुरू केलं. मी भाषणं दिली, बाई! ‘मूल वाईट नसतं, त्याला कुणी शिकवलेलं नसतं’ — हे वाक्य माझं.

वेदांतही सुधारला. खरंच सुधारला. शीतल त्याला हाताला धरून घेऊन आली, तो मान खाली घालून म्हणाला, “सॉरी मुक्ता.” मुक्ता म्हणाली, “तुझी… मान… चुकत होती. मी… एवढी… हलवत नाही.” दोघं हसले. दिवाळीनंतर तर क्रिकेटला तिला अंपायर केलं त्याने. रोज पाच वाजता आमची प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन खाली जायचा, सातला परत आणून द्यायचा. “काकू, खुर्ची!”

मी खुर्ची घ्यायचे, त्याच्या हातावर खाऊ ठेवायचे आणि मनात म्हणायचे — थांब तू.

हो. सगळे धरून चालले की मी माफ केलं. मीही चेहऱ्यावर तसं धरून चालले. पण स्वयंपाक करताना, ऑफिसात शिक्का मारताना, ते उघडं तोंड समोर यायचं. मुक्ताने सोडलं होतं. मी नाही. मला तो एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर तसाच उभा हवा होता. दहा वर्षांच्या पोरावर सूड उगवायला निघालेली सत्तेचाळीस वर्षांची बाई, गुडघ्याला बाम लावलेली — चित्र डोळ्यांसमोर आणा. हसा. मीही तेव्हा हसले असते, कुणी दुसरी असती तर.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी शीतल घावण्यांचा डबा घेऊन आली. बसली आणि रडायलाच लागली. वेदांतला वाचता येत नाही म्हणाली. पाचवीत आहे, पण दुसरीचं पुस्तकही अडखळत. अक्षरं जागा बदलतात म्हणतो. ती रोज मोठ्याने धडे वाचून दाखवते आणि तो ऐकून पाठ करतो, त्यावर इतकी वर्षं निभावलंय. बाईंनी तपासणी करायला सांगितलीय, तर नवरा म्हणतो, पोरगा आळशी आहे, फटके दे.

“तुमच्याकडेच येऊ शकते ना मी, ताई? तुम्हालाच कळणार. तुमाका आणि वैशालीक, दोघींकाच सांगितलंय.” वैशाली म्हणजे तिची मोठी जाऊ, शीतलच्या वरच्याच मजल्यावर राहणारी. “कुणाला बोलू नका हां. त्याने मला शपथ घातलीय. खाली पोरांना कळलं तर मरेन म्हणतो.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. चहा केला. डॉक्टरांचा नंबर दिला, नवऱ्याला कसं समजवायचं ते सांगितलं. सगळं बरोबर केलं. पाळीने बाकावर बसणाऱ्या पालकांचा आमचा गट नेमका अशाच मुलांसाठी होता की नाही? मुक्तानंतर वेदांत हे त्यातलं दुसरं मूल होतं.

आणि ती जिना उतरून गेल्यावर मी दाराला पाठ टेकून उभी राहिले. मला काय वाटलं? सांगते. — सापडला.

आमच्याकडे सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा, दुपारी सत्यनारायण आणि संध्याकाळी कार्यक्रम असतो. त्यात तेव्हा सगळ्यांचा आवडता भाग असायचा फिशपाँड. लोकांनी एकमेकांना चिमटे काढणाऱ्या ओळी निनावी लिहून डब्यात टाकायच्या. माइकवरून एकेक चिठ्ठी वाचायचे, ज्याचं नाव निघेल त्याने उभं राहून ऐकायचं आणि सगळ्यांनी हसायचं. लोक फक्त हसायचे; लिहायचे मीच. चाळीसातल्या तीस चिठ्ठ्या दरवर्षी माझ्या असायच्या.

त्या वर्षी मी सुचवलं, चिठ्ठ्या मुक्ता वाचेल. कमिटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘असं पाहिजे,’ म्हणाले. — तिला माइक मिळावा म्हणून सुचवलं होतं का मी? थोडं तेही होतं. पण ती चिठ्ठी तिच्या तोंडून यावी, हे मला हवं होतं. लिहून टाकते एकदाचं.

चिठ्ठी ऑफिसात टाइप करून प्रिंट काढली. बाकीच्या माझ्या अक्षरात होत्या. एवढी अक्कल गुन्हेगाराला असतेच.

वेदांतचं नाव निघालं तेव्हा तो खुर्चीवरून उडीच मारून उठला. पोरांना फिशपाँड मिळाला की भारी वाटतं ना. शर्टाची कॉलर वर करून उभा राहिला. मुक्ताने चिठ्ठी उलगडली आणि वाचू लागली. तिच्या पद्धतीने — एकेक शब्द ठेवत.

“नकला… करतो… झकास… आमचा… वेदांत… तालेवार,”

सगळे आधीच हसायला लागले होते.

“दुसरीचं… पुस्तक… पुढ्यात… ठेवा… गडी… लगेच… गार.”

काय हशा पिकला! मोठ्यांना वाटलं, अभ्यासाचा कंटाळा आहे पोराला. पोरांना मात्र लगेच कळलं, पोरांना कळतंच. ‘गार! ए गार!’ मागच्या रांगेतून सुरू झालं. मी वेदांतकडे बघत होते. ह्यासाठीच तर सगळं केलं होतं, डोळे कसे काढणार? त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं. मग तो हसला. टाळ्या वाजवल्या त्याने. खूप जोरात.

बाकावर बसलेल्या मुक्तासारखं.

मला तिथेच पश्चात्ताप झाला, असं सांगायला मला आवडलं असतं. झाला नाही. बरं वाटलं. रात्री वरणभात दोनदा घेतला. मुक्ता मात्र जेवली नाही. ताटात बोटं फिरवत मला म्हणाली, “तो… नकला… करायचा… थांबला… होता… ना, आई?”

“कोण गं?” मी म्हटलं.

तिने पुन्हा विचारलं नाही. माइकही पुन्हा कधी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता खुर्ची न्यायला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. वेदांत खालीच येईना. शाळेतही ‘गार’ पोचलं होतं. जूनमध्ये शीतलने त्याला मामाकडे कणकवलीला ठेवलं, तिथल्या शाळेत घातलं. तो अजून तिथेच आहे.

आणि शीतल? तिने दोघींनाच सांगितलं होतं. रेखाताईंनी तर असं करणं शक्यच नाही — त्यांच्या पोरीला ह्याच पोरांनी छळलं, तरी त्यांनी सगळ्यांना जवळ केलं. राहिली वैशाली. जिन्यात दोघींचं जे भांडण झालं, ते तीन बिल्डिंगांनी ऐकलं. वैशाली म्हणत होती, “पोरांची शपथ शीतल, मी नाय गो!” आणि शीतल म्हणत होती, “मग काय भिंतीने लिहिलं?” मी मध्ये पडले. शीतलला घरात नेलं, पाणी दिलं.

मग मीटिंग झाली. मी उभी राहून म्हणाले, ज्याने कुणी हे केलं त्याला लाज वाटली पाहिजे, आणि आपल्या सोसायटीत फिशपाँड कायमचे बंद व्हायला हवेत. टाळ्या पडल्या. वैशाली शेवटच्या रांगेत एकटी बसली होती, तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिनेही टाळ्या वाजवल्या.

दोन्ही भाऊ तेव्हापासून बोलत नाहीत. गणपती वेगळे झाले. सासूबाई सहा महिने खाली, सहा महिने वर. ह्या सगळ्यात मी एक वाक्य बोलायला हवं होतं. पाच वर्षांत किती दिवस होतात? रोज जिना चढताना दोघींची दारं लागतात.

गेल्या महिन्यात वैशालीच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका घेऊन वैशाली स्वतः शीतलच्या दारात गेली होती. शीतल ती पत्रिका घेऊन माझ्याकडे आली. टेबलावर ठेवली, हळदीची बोटं लागलेली. “ताई, खरं सांगा. तुम्ही माझ्या जागी असता तर गेला असता?”

मुक्ता आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं. ती सतरा वर्षांची आहे आता. तिला सगळं ऐकू येतं.

मी म्हणाले, “नसते गेले.”

शीतल गेली नाही. कणकवलीहून वेदांतही आला नाही. मुक्ता म्हणाली, पाय दुखतायत, मी घरी थांबते. मी गेले. जांभळी पैठणी नेसून गेले. बुफे होता, तरी वैशाली गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली, म्हणाली, “त्या दिवसांत तुम्ही एकट्याच मला वाईट बोलला नाहीत, ताई,” आणि आग्रहाने माझ्या ताटात जिलबी वाढली.

मी खाल्ली. दोन खाल्ल्या.