ओट्यावरचा आरसा

माझ्या सासऱ्यांइतका छळवादी श्रोता अख्ख्या कोथरूडमध्ये दुसरा नसेल. ते ऐकतात, पण डोळ्यांनी. चष्मा सापडेपर्यंत त्यांना कोणाचंही बोलणं कळत नाही. फोन ते उचलतच नाहीत, कारण त्यात तोंड दिसत नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या भरघोस मिशीकडे बघत म्हणाले होते, "मिशी उतरवणार असाल तर पुढचं बोलू." उतरवली. स्कूटरवर मागे बसवून त्यांना कर्वेनगरला नेलं, की मी वाटेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सिग्नलला मिळतात, तीही मी मान मागे वळवून पुन्हा विचारलं तरच. मास्कच्या काळात त्यांनी सगळ्यांशी बोलणंच सोडलं होतं. त्या काळाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही.

शेवटी वैतागून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. सगळ्यांचाच मेंदू कान आणि डोळे यांचं जुळवून बोलणं समजून घेतो, यांना डोळ्यांचा आधार जरा जास्त लागतो इतकंच. सासरे डॉक्टरांच्या ओठांकडे टक लावून बसले होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हणजे दोष तुमच्या तोंडात आहे, जावईबापू."

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा आरसा. स्वयंपाक करताना सासूबाईंची पाठ जेवणाच्या टेबलाकडे असते, म्हणून यांनी ओट्यासमोरच्या भिंतीवर भला मोठा आरसा ठोकलाय. टेबलाशी बसून ते त्यात सासूबाईंचं बोलणं बघतात. त्यावर वाफ धरते, फोडणी उडते, आणि रागानं तोंड फिरवायचीही सोय राहत नाही, ही सासूबाईंची लग्नाइतकीच जुनी कुरकुर.

गेल्या महिन्यात त्यांचं स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं. आरसा निघणार, हे मी परस्पर जाहीर करून टाकलं. एरवी चहाच्या साखरेवरूनही वाद घालणारे सासरे हळूच म्हणाले, "पण मग ही काय म्हणतेय ते मला कळायचं कसं?"

सासूबाई भाजी परतत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पदरानं आरशावरची वाफ पुसली आणि त्यात बघून काहीतरी बोलल्या. कढईच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. सासरे मात्र हसले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आरसा राहतोय."

मला त्या दोघांचा हेवा वाटला. आमच्या घरी ओट्यासमोर साध्या फरशा आहेत. बायको तिकडून काहीतरी म्हणते, आणि मी इकडून नुसतं "हं" म्हणतो.