दाराबाहेरचे बूट

करी रोडची चाळ मी सोडली त्या सकाळी आई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. खाली टॅक्सी उभी होती. आशीर्वाद, काळजी, पत्ता यांपैकी काहीही न बोलता ती एवढेच म्हणाली, "तिकडे दार लावतंस तेवा चपला भितर घे गो."

माझ्या यजमानांना माझगावच्या गोदीतील अनुभवावर इस्तंबूलजवळच्या एका गोदीत काम मिळाले होते. तो देश मुसलमानांचा आहे, एवढेच आईला ठाऊक होते. मी बारा वर्षे दादरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवले होते, त्यामुळे त्या जिन्यातही मला धडा घेतल्यावाचून राहवले नाही. मी तिला सांगितले की तिथले राज्य धर्मनिरपेक्ष आहे आणि त्यांच्या घटनेत तसे स्पष्ट लिहिले आहे.

"घटना तेवा हंय पण होती," आई म्हणाली.

'तेवा' म्हणजे त्र्याण्णवचा जानेवारी. मी चौदा वर्षांची होते. आमच्या नाक्यावरची बेकरी जाळली गेली आणि पुढचे चार दिवस चाळीत करपलेल्या पावाचा वास येत राहिला. बेकरीवाल्याचे काय झाले, हे घरात कोणी बोलले नाही. बाबा महापालिकेच्या शाळेत मास्तर होते. त्या दिवसानंतर त्यांच्या चपला कधीही दाराबाहेर दिसल्या नाहीत. चोरांच्या भीतीने आत घेत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

उस्कुदारला आम्हाला तीन मजली घरातला मधला मजला मिळाला. तळमजल्यावर मालकीणबाई राहत. त्यांचे नाव सेविम. सगळे त्यांना आदराने सेविम हानम म्हणत. त्या सरकारी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या भिंतीवर प्रजासत्ताकाच्या संस्थापकाची तसबीर होती आणि तिची काच त्या रोज पुसत. वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी झेहरा राहत होती. ती डोक्याला रुमाल बांधी. मायलेकींचे बोलणे बंद होते. सेविम हानमनी भरल्या वांग्यांची ताटली माझ्याकडे द्यावी, मी ती वर न्यावी, आणि झेहराने रिकामी ताटली न पाठवता तीत अंजिरे घालून खाली पाठवावीत, असा त्या घराचा व्यवहार होता.

फळ्यावर मी वर्षानुवर्षे लिहीत आले होते की धर्मनिरपेक्ष राज्याला स्वतःचा धर्म नसतो. तिथे ही व्याख्या अपुरी पडली. तिथे मशिदीचा इमाम सरकारी नोकर असतो आणि शुक्रवारच्या प्रवचनाचा मजकूर सरकारी खात्यातून येतो. याच राज्याने अनेक वर्षे रुमाल बांधलेल्या मुलींना विद्यापीठाच्या फाटकावरून परत पाठवले. झेहरा परीक्षेला रुमालावर केसांचा टोप चढवून बसली होती. तिची आई तेव्हा दुसऱ्या एका फाटकावर उभी राहून दुसऱ्यांच्या मुलींचे रुमाल उतरवून घेत होती. "नियम होता," सेविम हानम मला म्हणाल्या. "मी नियम पाळला." पुढे सरकार बदलले, बंदी उठली आणि झेहरा रुमालासकट सरकारी शाळेत शिक्षिका झाली. धर्म आणि राज्य वेगळे असतात, हे मी मुलांना शिकवले होते. राज्याचा हात कोणाच्याही डोक्यापर्यंत पोहोचू शकतो, हे मला तिथे समजले.

२०१६च्या जुलैत सैन्यातील एका गटाने उठाव केला. रात्रभर मशिदींच्या भोंग्यांवरून लोकांना उठावाविरुद्ध रस्त्यावर उतरण्याचे आवाहन होत होते. डोक्यावरून विमाने इतकी खालून जात की खिडकीच्या काचा थरथरत. यजमान गोदीतच अडकले होते. सकाळी पुलावरच्या सैनिकांनी हात वर केले आणि जमावाने त्यांना कंबरेचे पट्टे काढून झोडपायला सुरुवात केली. पूल आमच्या गल्लीच्या टोकाशीच; हे मी खिडकीतून पाहिले. बकलाचा आवाज हाडावर वेगळा येतो, हे त्या सकाळी कळले.

थोड्या वेळाने आमच्या दारावर थापा पडल्या. दारात सक्तीच्या सेवेवर आलेला एक सैनिक होता. वीस-एक वर्षांचा असावा. भुवई फाटली होती आणि रक्त डोळ्यात उतरत होते. "आब्ला," तो म्हणाला. म्हणजे ताई.

मी दार उघडले. जीव वाचवायला आलेल्या परक्याला दार उघडण्याची, आमच्या घरात कधीही कोणी न केलेली गोष्ट मी केली, याचा मला क्षणभर अभिमानही वाटला असावा. तो आत पाऊल टाकणार, इतक्यात माझे बोट त्याच्या बुटांकडे गेले. आमच्या चाळीत पायताण घालून कोणी उंबरा ओलांडत नाही, आणि त्यांच्याकडेही नाही. तो मुकाट्याने वाकला. त्याने लांब नाड्या सोडल्या, दोन्ही बूट भिंतीशी जोडीने ठेवले आणि आत आला. मी कडी लावली.

जमाव जिना चढून आला तेव्हा झेहरा वरून धावत खाली आली. आमच्या दाराला पाठ लावून ती उभी राहिली. दाराआडून मला सगळे ऐकू येत होते.

"हे बूट कुणाचे?"

"माझ्या भावाचे."

"भाऊ सैन्यात आहे वाटतं?" कोणीतरी हसले.

"आत बायका आहेत," झेहरा म्हणाली. "आणि यायचंच असेल तर आधी पायातलं काढा. या घरात बूट घालून कोणी येत नाही."

 काहीजण खरोखरच थबकले असावेत. मग मागच्यांनी पुढच्यांना ढकलले आणि दाराची कडी तुटली.

त्यांनी त्याला केसांना धरून ओढत नेले. प्रत्येक पायरीवर त्याचे डोके आपटत होते. झेहरा त्याच्यावर पालथी पडली, तेव्हा पट्टे तिच्या पाठीवर पडू लागले. रात्रभर धर्माच्या नावाने घोषणा देणाऱ्या एकाने तिला बाजूला खेचताना तिचा रुमाल उपटून काढला. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी होते. खालून सेविम हानम काठी टेकत वर आल्या. त्यांनी पायऱ्यांवरचा रुमाल उचलला आणि मुलीच्या डोक्याला बांधू लागल्या. त्यांना गाठ येईना. आयुष्यभर त्यांनी रुमाल फक्त सोडवले होते.

पोलीस आले तेव्हा सैनिक जिवंत होता. झेहराचा हात मोडला होता. अधिकाऱ्याने विचारले, "याला दार कुणी उघडलं?"

झेहराने माझ्याकडे पाहिले. परदेशी बाईला ते दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील, हे तिला माहीत होते.

"मी," ती म्हणाली.

तिथली भाषा मला तेवढी नक्कीच येत होती. मी गप्प राहिले.

काही महिन्यांनी, उठाववाल्यांना मदत केली म्हणून सरकारी नोकरांना बडतर्फ करणारा अध्यादेश निघाला आणि त्याच्या यादीत झेहराचे नाव होते. तिची नोकरी गेली आणि कोणत्याही शाळेत शिकवण्याचा हक्कही गेला. पूर्वी रुमालासाठी तिला बाहेर ठेवणारे राज्य आता रुमालवाल्यांचे म्हणवत होते, तरी ती पुन्हा फाटकाबाहेरच होती. मायलेकी आता एकत्र जेवतात. ताटल्या नेण्याचे माझे काम संपले आहे. झेहराने मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही, आणि त्यामुळेच तिच्या समोर बसणे मला जड जाते.

गेल्या उन्हाळ्यात मी आईकडे आले. चाळीच्या जागी आता टॉवर आहे. दाराबाहेर पादत्राणे ठेवू नयेत, अशी सोसायटीची पाटी लिफ्टजवळ आहे. मी आईला त्या बुटांविषयी पहिल्यांदा सांगितले. तिने हातातली लसूण खाली ठेवली. मग म्हणाली, की त्या जानेवारीत पोरे गॅलरीतून चपला बघत चालली होती. बाहेर चपला म्हणजे घरात पुरुष. "मास्तर, चपला दिसतायत. लपताय काय? चला." बाबा त्यांच्याबरोबर नाक्यावर गेले. ते परत आले ते अनवाणी, आणि सदऱ्याच्या दोन्ही बाह्यांवर रक्त होते. पुढे पोलीस विचारायला आले तेव्हा बाबा म्हणाले, मी घरीच होतो. आईनेही तसेच सांगितले. ते रक्त कोणाला मारल्याचे होते की कोणा जखमीला उचलल्याचे, हे तिने त्यांना कधी विचारले नाही.

"इचारूक होया होता," ती म्हणाली.

झेहराचे अपील अजून चालू आहे. त्याला जोडण्यासाठी मी माझा जबाब लिहिला आहे. त्याची पहिली दोन वाक्ये अशी आहेत: दार मी उघडले. बूट बाहेर काढायला मीच सांगितले. अपील मान्य होईल की नाही, हे मला सांगता येत नाही. मला तो देश सोडावा लागेल, ही शक्यता मात्र बरीच आहे. तिथे माझे बारा-तेरा वर्षांचे घर आहे. गॅलरीत तुळस आहे, शेजारी सेविम हानमनी दिलेले लिंबाचे रोप आहे.

जबाब पाठवण्याआधी आईला फोन करून वाचून दाखवला. "ते मला बाहेर काढतील कदाचित," मी म्हटले.

"मगे हंय ये," आई म्हणाली. "आणि चपला भायर काढ. पाटी आसांदे. दिसू देत लोकांका."