बलदमधला ‘चला’

पर्यटकांची बोट जेद्दाच्या बंदराला लागायच्या आदल्या दिवशी मुदीरने मला ऑफिसातल्या त्याच्या केबिनमध्ये बोलावलं. मुदीर म्हणजे आमच्या टूर कंपनीचा सौदी मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. पण चहा पाजल्याशिवाय वाईट बातमी सांगायची नाही, ही त्याची रीत. चहा आला तेव्हाच मी काय ते समजलो.

‘उद्या गाईड ती नवी पोरगी,’ तो म्हणाला. ‘तू मागे चालायचं. पाहुण्यांशी एक शब्द बोलायचा नाही. लायसन आता फक्त सौदी माणसाला, आणि तपासणीवाले बलदमध्ये फिरतायत. तू बोलताना सापडलास तर कंपनीला दंड आणि तू विमानात.’

‘आणि माझा इकामा?’ माझा राहण्याचा परवाना संपत आला होता. तो कंपनीने पुढे वाढवला नाही तर घरी जायचं, एवढं साधं होतं.

‘उद्याची बोट होऊ दे. पोरीनं घोटाळा केला तर मी विचारीन, तू तिला शिकवलंस काय?’

घोटाळा केला नाही तर काय, हे त्यानं सांगितलं नाही. मी चहा संपवला.

आमच्या खाडीकाठच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. तेही इतिहास घेऊन. काळ्या डगल्यातला माझा पदवीचा फोटो रत्नागिरीकडच्या घरात दारासमोरच लावलाय, पाहुण्याला तो चुकवून आत जाताच येत नाही. इकाम्यावर मात्र माझा हुद्दा ‘आमिल’, म्हणजे मजूर. मी आलो तेव्हा कंपनीकडे तेवढाच व्हिसा शिल्लक होता. त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही, कारण काम माझ्या शिक्षणाचं होतं. बलद, म्हणजे जेद्दाचं जुनं शहर, मी लोकांना दाखवायचो. कुठल्या गल्लीत दुपारी सावली असते, पोवळ्याच्या दगडाची भिंत कशी ओळखायची, सगळं वाचून, विचारून, चालून शिकलो. माझे वडील मालाच्या बोटीवर खलाशी होते. त्यांनीही जेद्दा पाहिलं, पण डेकवरून. त्यांना खाली उतरू दिलं नव्हतं. ‘मिनार दिसतात बघ,’ एवढंच ते सांगायचे. मी त्या मिनारांखालून फिरत होतो आणि लोक माझं ऐकत होते, याचा मला अभिमान होता. अजून आहे.

नवी गाईड जेद्दाचीच मुलगी, माझ्याच हाताखाली शिकलेली. इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार. मला अम्मो म्हणायची, म्हणजे काका. मी तिला बिंती, मुली. शिकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कंटाळा केला असता तर मला बरं गेलं असतं.

सकाळी बंदरावर बस लागली. ड्रायव्हर हैदराबादचा, माझा जुना दोस्त. मी मागच्या सीटवर पाण्याच्या खोक्याजवळ बसलेला पाहून त्यानं आरशातूनच हाक मारली, ‘क्या उस्ताद, मुँह में दही जमा लिए क्या आज?’

‘तू रस्ता देख,’ मी म्हटलं.

‘रस्ता तो मैं देख लूँगा मियाँ, तुम अपना देखो.’

बसमध्ये बहुतेक अमेरिकन म्हातारे-म्हाताऱ्या होत्या. माझ्या शेजारी मोठ्या गवती हॅटवाली एक आजीबाई बसल्या. दर हिवाळ्यात बोटीनं कॅरिबियन बेटांवर जायचं, या वर्षी मुलानं वेगळं तिकीट काढून दिलं, असं त्या सगळ्या बसला सांगत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘या बेटाला पूर्ण चक्कर मारायला किती वेळ लागतो?’

आता जेद्दा हे बेट नव्हे, पाठीमागे अख्खा अरबस्तान आहे, हे मी त्यांना हसवत सांगितलं असतं. पण पुढे उभ्या असलेल्या मुलीचं काम ते. मी नुसता हसलो. त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं. मी पुन्हा हसलो. याला इंग्रजी येत नाही असं ठरवून आजीबाईंनी हातानं लाटा करून दाखवल्या आणि बोटानं हवेत गोल काढला. बी.ए. माणूस मी. पाण्याची बाटली पुढे केली. ‘थँक यू, डिअर,’ म्हणून त्यांनी माझा हात थोपटला.

बलदमध्ये पहिल्याच वाड्यासमोर मुलगी बोलता बोलता अडखळली. सगळे माना वर करून उभे, आणि तिला काही सुचेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती अडली तर शिकवणाऱ्याचं नाव खराब, ती तरली तर शिकवणाऱ्याची गरज संपली. कुठल्या बाजूनं दुवा मागायची तेच मला कळेना. आणि मी विचार करत असतानाच माझा हात वर गेला होता, खिडकीच्या लाकडी जाळीकडे. सवयीनं.

तेवढं पुरलं. ‘ही जाळीची खिडकी म्हणजे रोशन,’ ती बोलू लागली. ‘आतल्या बाईला सगळी गल्ली दिसायची, गल्लीला बाई दिसायची नाही. आमच्या आज्यांचा सीसीटीव्ही.’

लोक खळखळून हसले. हा विनोद मी किती बोटींवर घासूनपुसून बसवला होता, ते मलाच ठाऊक. ती तो माझ्याहून चांगला बोलली. आज्या तिच्या होत्या ना.

मग ती थांबलीच नाही. जुन्या कडुनिंबाशी आली. हे झाड हिंदुस्थानातून आलं असं लोक म्हणतात, मीही म्हणायचो, आणि वर जोडायचो, ‘माझ्यासारखंच, पण याला इकामा लागत नाही.’ तिनं ते शेवटचं वाक्य गाळलं. शहाणी पोर.

तिथून निघताना तिनं हात उंचावून सगळ्यांना आवाज दिला, ‘चला, चला!’

मी जागीच थांबलो. घोळका रेंगाळला की माझ्या तोंडून ‘चला’ निघायचं. इतकी वर्षं निघत होतं. तिनं ते माझ्या विनोदांबरोबर, सावलीच्या गल्ल्यांबरोबर उचललं होतं.

आजीबाईंनी लगेच विचारलं, ‘चाला? हे अरबी का?’

मुलगी क्षणभर गोंधळली. मग ठसक्यात म्हणाली, ‘जुन्या जेद्दाच्या खलाशांचा शब्द आहे.’

‘चाला, चाला,’ म्हणत सगळ्या पांढऱ्या टोप्या गल्लीतून निघाल्या. एका अत्तरवाल्यानं दुकानातून मान बाहेर काढून पाहिलं. तो रायगडकडचा. माझ्याकडे बघून त्यानं भुवई उडवली, ‘काय हो, मराठी शाळा काढलीत काय?’

मी त्याला हात करून पुढे सरकलो. पाहुणे जवळ होते.

दुपारी पाहुणे बोटीवर परत गेले. आजीबाईंनी जाताना मुलीला मिठी मारली आणि मला हातानंच लाटा करून दाखवल्या. मी परत लाटा केल्या. एवढ्यात मुदीरचा फोन आला. आधी तिला, मग मला.

‘माशाल्ला,’ तो म्हणाला. ‘बोटीच्या लोकांनी खूप तारीफ केली. तू तिला फार चांगलं शिकवलंस. उद्या ये, चहा पिऊ.’

चहा. फोन खिशात टाकताना माझं तोंड कसं झालं असेल कोण जाणे, ड्रायव्हरनं दह्याचं नाव काढलं नाही. त्यानं एसी वाढवला.

मुलगी बसच्या पायरीवर उभी होती, खूश. ‘अम्मो, एक विचारायचं होतं. “चला”चं मी काही चुकीचं सांगितलं का? तुम्ही नेहमी म्हणता म्हणून मी म्हटलं. नक्की कुठला शब्द तो?’

बंदरात ती बोट पांढरीशुभ्र उभी होती. तिच्या डेकवरून मिनार दिसत असणार.

‘बरोबर सांगितलंस, बिंती,’ मी म्हटलं. ‘खलाशांचाच आहे.’

तिला हायसं वाटलं. ‘मग चला,’ ती म्हणाली आणि बाजूला होऊन तिनं मला आत जायला वाट दिली.