डिक्शनरी मुलगी पाहायला जाते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, कचेरीत तर नाहीच. कचेरीत काय सांगायचं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या कचेरीत एक कारकून होते. कानामागची पेन्सिल काढायची, टोक जिभेला लावायचं आणि दुसऱ्याच्या कागदावर वाकून म्हणायचं, "रिसीटमध्ये पी असतो. बोलत नाही म्हणून गाळायचा नसतो." साहेबाचा हुकूम असो की बंदरावरच्या खाणावळीची पाटी, त्यांची पेन्सिल कुणाची भीड ठेवत नसे. एकदा रजेच्या अर्जावर आलेला नकार त्यांनी दुरुस्त करून साहेबाकडे परत पाठवला. सगळे त्यांना डिक्शनरी म्हणत. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, आणि त्याच्यावर विनोद करून मोठा झालेला दुसराही असेल. आमच्याकडे तो दुसरा मी.

तीस सालाच्या मागेपुढे त्यांना एक स्थळ सांगून आलं. वय बत्तीस उलटलेलं, आईवडील नाहीत. मग सोबत कोण? "तुम्हाला बोलणं बरं जमतं," म्हणून त्यांनी मला नेलं. सोबत्याचं काम दुहेरी. तिथे बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन होकार-नकार सांगायचा. मुलाने स्वतः जाणं तेव्हा शोभत नसे.

मुलीचं घर वरच्या आळीत. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढताना यांनी तीनदा टोपी सरळ केली. ओटीवर पोहे आले, मागून मुलगी आली. रांगोळी येते का, पेटी येते का, ते मी विचारून घेतलं. मग आमची डिक्शनरी उघडली.

"'नेबर'चं स्पेलिंग?"

मुलीने जमिनीकडे बघत घडाघडा सांगितलं. मग मान वर करून म्हणाली, "आता मी एक विचारू? 'लेफ्टनंट'?"

माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. वडील खोकले. डिक्शनरीने "एल" म्हटलं, जरा वेळाने पुन्हा "एल" म्हटलं, आणि मग पोह्यांवरचं खोबरं बारकाईने बघायला घेतलं.

उतरताना मी विचारलं, "काय हो, अडलात?"

"येत होतं हो," ते म्हणाले. "पण ती बघत होती ना." पाच-सहा पायऱ्या उतरून थांबले. "उद्या सकाळीच जाऊन सांगा. मुलगी पसंत आहे. आणि म्हणावं, परीक्षेत मी नापास, तेव्हा राहिलेलं शिकवायला या." स्वतःच्या बोलण्यावर हसताना त्यांना मी तेवढं एकदाच पाहिलं.

सकाळी मी निघालो तो आधी कचेरीत. विनोद ताजा होता, शिळा करून वाढणं माझ्या लौकिकाला शोभलं नसतं. ते स्वतः केस कापायला म्हणून अर्ध्या दिवसाच्या रजेवर. मी ते दोन "एल" खोबऱ्यासकट सादर केले. मुलीला जरा तिखट केलं, कमरेवर हात ठेवायला लावले. लोकांनी मेजं बडवली. तिचा मामा शेजारच्या खात्यात आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. माहीत होतं.

तिसऱ्या प्रहरी होकार घेऊन पोचलो, तो तिचे वडील डिक्शनरीची पत्रिका हातात घेऊन ओटीवर उभेच.

"आमच्या पोरीने एक प्रश्न विचारला, तर त्याचा कचेरीत तमाशा केला त्यांनी? सांगा तुमच्या त्या डिक्शनरीला, असल्या माणसाला आम्ही मुलगी देत नाही."

त्यांनी नाही, मी सांगितलं. चार शब्द. मी एवढा हजरजबाबी, पण तेवढे काही सुचले नाहीत. पत्रिका घेतली आणि खाली आलो.

पाखाडीच्या तळाशी ते उभे होते. नव्याने कापलेले केस, धुतलेला कोट. त्यांनी माझ्या हातातली पत्रिका पाहिली.

"स्पेलिंगमुळे?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर पेन्सिल कानामागे राहिली, पण खाली उतरेना. एकदा मी मुद्दाम रिसीटमधला पी गाळून कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला, सही केली आणि सरकवला. दुसरी मुलगी पाहायला ते गेले नाहीत. कचेरीने त्याचाही विनोद केला. तो माझा नव्हता, एवढंच काय ते माझं पुण्य.

काही वर्षांनी त्यांची बदली झाली. बोट लांब पाण्यात उभी होती. तिच्याकडे नेणाऱ्या पडावात पाय ठेवताना मला म्हणाले, "पत्र टाका हं. चुका असल्या तरी चालतील."

मी टाकलं नाही. गेल्या वर्षी गुहागरला चुलत पुतण्याकडे ते वारले.

ती मुलगी इथेच गावात दिलेली. देवळात कधी समोर येते. मला ओळखते, आणि तोंड फिरवते. तमाशा कुणी केला याबद्दल तिला जे वाटतं, ते खरं नाही.

त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. तिला द्यायचे मात्र दोन निरोप अजून माझ्याकडे आहेत. त्यांनी नाही, मी सांगितलं. आणि तुम्ही त्यांना पसंत होता.